पिंपात बर्फ, बर्फात मी

"पंधरा किलो? घरात लग्न आहे का काका?"

"नाही रे, पळून आलोय."

बर्फवाल्या पोराने माझ्या पिकल्या कल्ल्यांकडे पाहिलं, मग घामाने निथळणाऱ्या बनियनकडे, मग छातीवर पिनांनी टाचलेल्या नंबराकडे. "अच्छा, मॅरेथॉनवाले," म्हणाला आणि लादीवर टोचा घातला.

लांब पल्ला धावून आल्यावर बर्फाच्या पाण्यात बसून राहायचं, याला आमच्या कंपूत 'बर्फात घालणं' म्हणतात. बांगड्यांना घालतात तसंच. पाय दुसऱ्या दिवशी कमी दुखतात, अशी ख्याती. मी पहिल्यांदा बुडी मारली तेव्हा तोंडातून जे शब्द बाहेर पडले ते इथे छापता येणार नाहीत. पण त्या शब्दांवर रीतसर संशोधन झालेलं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

शिवीला शास्त्राधार

इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातल्या रिचर्ड स्टीव्हन्स यांनी २००९ साली विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात घालून बसवलं. एकदा आवडती शिवी घोकत, एकदा टेबलाचं वर्णन करणारा एखादा सोवळा शब्द घोकत. शिवी देताना हात जास्त वेळ पाण्यात राहिला आणि दुखणंही कमी वाटलं. या कामाला २०१० चं इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं नोबेल मिळालं, तेही शांततेचं!

पुढचा भाग आणखी मजेदार आहे. २०११ साली त्यांनीच दाखवलं की ज्यांच्या तोंडी रोजच शिव्या असतात, त्यांना याचा फायदा कमी होतो. म्हणजे 'मेल्या'शिवाय वाक्य सुरू न करणाऱ्या मालवणी माणसाला हा उपाय कितपत लागू पडेल, याची मला रास्त शंका आहे. २०२० मध्ये 'फाऊच' आणि 'ट्विझपाइप' अशा दोन बनावट शिव्या घडवून पाहिल्या. लोकांना गंमत वाटली, पण हात काही जास्त टिकला नाही. तेव्हा 'अगं बाई' आणि 'अरे देवा' पिंपात निरुपयोगी. अस्सल माल लागतो, आणि तो एरवी जपून ठेवलेला लागतो.

पहिलं मिनिट वैऱ्याचं

महाबळेश्वरला १५ अंशांच्या हवेत आपण स्वेटर घालून मक्याचं कणीस खातो. १५ अंशांच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरलं की सात पिढ्यांचे पितर दिसतात. कारण साधं आहे. पाणी अंगातली उष्णता हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. कातडीला हा दरोडा कळतो आणि ती थेट श्वासावर घाला घालते. एक मोठा आ वासून श्वास आत जातो, मग धाप, मग नाडी घोड्यावर.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी बर्फाळ पाण्यात पडलेल्यांसाठी एक-दहा-एक असा आकडा लोकांच्या डोक्यात बसवला. श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. पिंपातल्या माणसाला यातलं पहिलं मिनिटच महत्त्वाचं. ते मिनिट लांब उच्छ्वास सोडत काढलं की पुढचं जमतं. तोंडाने 'हुऽऽश' करत, गरम चहावर फुंकर घालतो तसं.

आणखी एक दिलासा आहे. पोर्ट्समथ विद्यापीठाच्या माइक टिप्टन यांनी वर्षानुवर्षं माणसांना गार पाण्यात बुचकळून पाहिलंय. पाच-सहा बुड्यांत हा धक्का जवळपास निम्म्यावर येतो आणि ही सवय महिनोन्महिने टिकते. म्हणून पहिल्या पिंपावरून मत बनवू नये. सहावं पिंप काय म्हणतं ते पाहावं.

डोकं मात्र बुडवायचं नाही. चेहऱ्याला गार पाणी लागलं की हृदय मंदावतं. सील आणि देवमाशांत असते तीच प्रतिक्रिया आपल्यातही उरली आहे. इकडे कातडी सांगते 'पळ', तिकडे चेहरा सांगतो 'थांब'. एकाच कारकुनाला दोन साहेबांनी उलटसुलट हुकूम द्यावेत तशी हृदयाची गत होते आणि ठोका चुकू शकतो. ज्यांना हृदयविकार किंवा रक्तदाब आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिंपाच्या वाटेला जाऊ नये. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रक्तदाब किती उसळतो हे पाहण्यासाठी नुसता पंजा बर्फाच्या पाण्यात घालायची चाचणी निघाली. नुसत्या पंजाने हे होतं!

साठ ट्रे आणि एक आर्किमिडीज

आता पिंपाचं गणित. धावपटूंसाठी १० ते १५ अंशांचं पाणी आणि दहा-पंधरा मिनिटं, एवढं पुरे मानतात. शून्य अंशावर बसण्यात शौर्य असेल, शहाणपण नाही. समजा पिंपात शंभर लिटर पाणी आहे, २७ अंशांचं. ते १३ वर आणायचं म्हणजे १४०० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यायची. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी गिळतो आणि वितळलेलं पाणी १३ अंशांपर्यंत चढताना आणखी १३. भागाकार करा, पंधरा किलो येतात. फ्रिजमधल्या पाव किलोच्या ट्रेमध्ये लावायचा म्हटला तर साठ ट्रे. मी पहिल्यांदा चार ट्रे टाकून बसलो होतो. पाण्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

म्हणून लादी. शिवाय आपल्याला खायचा नसल्यामुळे स्वस्तातला चालतो. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा असा नियम आला, गोळ्यात आणि उसाच्या रसात तो जाऊ नये म्हणून. तो निळसर बर्फ पायांना चालतो. फक्त मासळीबाजारातून आणलात तर आधी धुऊन घ्या. आमच्या न्हाणीघरात आठवडाभर बोंबील नांदत होते.

दुसरी चूक मी केली ती पिंप काठोकाठ भरण्याची. अंग पाण्यात गेलं की तेवढंच पाणी बाहेर येतं, हे कळल्यावर आर्किमिडीज आनंदाने रस्त्यावर धावला म्हणतात. मी फडकं घेऊन दिवाणखान्याकडे धावलो.

एकदा बसलात की हलू नका. स्थिर पाण्यात कातडीलगत किंचित कोमट पाण्याचा पापुद्रा तयार होतो, तेच आपलं पांघरूण. कोणी पाणी ढवळलं की पांघरूण गेलं. घरातल्या लहान मुलांना ही माहिती देऊ नये.

बोस्टनचा बर्फ, मुंबईची सर्दी

लादीला चिकटलेला लाकडाचा भुसा पाहून मला नेहमी फ्रेडरिक ट्यूडर आठवतो. बोस्टनचा हा इरसाल व्यापारी हिवाळ्यात गोठलेली तळी करवतीने कापून जगभर विकायचा. १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कलकत्त्याला पोहोचलं. तेव्हाही जवळपास शंभर टन शिल्लक होता. सगळी करामत भुशाची.

पाठोपाठ मुंबईलाही हा माल येऊ लागला. पुढे सर झालेल्या जमशेटजी जीजीभॉय यांनी एका मेजवानीत पाहुण्यांना आइसक्रीम खिलवलं. यजमानांसकट सगळ्यांना सर्दी झाली आणि 'बरी खोड मोडली' असा शेरा त्या वेळच्या गुजराती पत्राने मारला, अशी गोष्ट सांगतात. सर्दी विषाणूने होते, गारठ्याने नाही, हे कळायला पुढे शंभर वर्षं लागली. आमच्या आईला अजून कळलेलं नाही. "पावसात भिजू नको म्हणून मी घसा कोरडा केला, आणि तू विकत आणून गारठतोस?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

या बर्फासाठी बांधलेलं मुंबईतलं बर्फघर पाडलं गेलं. चेन्नईचं मात्र अजून समुद्रासमोर उभं आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून आज ते विवेकानंदर इल्लम. आतमध्ये कधी काळी अमेरिकेतल्या तळ्याचे तुकडे ठेवत, हे सांगितलं तर लोक आपल्याकडेच संशयाने पाहतात.

सोमवारचा जिना

ज्या दुखण्यासाठी हा सगळा खटाटोप, ते नेमकं काय? कोणत्याही धावपटूला विचारा, तो ठणकावून सांगेल, लॅक्टिक ॲसिड. चूक. लॅक्टेट धावणं थांबल्यावर तासाभरात निवळतं, ते काही रविवारपासून मंगळवारपर्यंत मांडीत ठाण मांडून बसत नाही. थिओडोर हाफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच म्हटलं होतं की उशिरा येणारं हे दुखणं स्नायूत बारीक मोडतोड झाल्याचं असावं.

मोडतोड सर्वांत जास्त कधी होते? चढताना नाही, उतरताना. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळालेल्यांना हे वेगळं सांगायला नको. यवतेश्वरचा घाट चढताना फक्त दम लागतो. खरा हिशेब परतीच्या उतारावर होतो, कारण तिथे मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकही लावत असतो. दुखणं शिगेला पोहोचतं ते एक ते तीन दिवसांनी. मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या रविवारी असते. त्यानंतरच्या सोमवारी लोकलच्या पुलावर उभे राहा. जिना चढणारे निमूट चढतील, पण उतरताना कोणी कठडा धरून तिरका उतरेल, कोणी चक्क पाठमोरा. ते सगळे आमचे. यावर खरा उतारा म्हणजे पुन्हा तोच घाट! एकदा उतार पळून दुखलेले स्नायू पुढच्या वेळी बरेच कमी दुखतात, हे नीट सिद्ध झालेलं आहे आणि त्याला बर्फ लागत नाही.

बर्फाचं काय मग? वैद्यकीय प्रयोगांची एकत्र छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात १७ छोटे प्रयोग आणि ३६६ माणसं धरली होती. नुसतं बसून राहण्यापेक्षा गार पाण्यात बसलेल्यांना दुखणं कमी जाणवलं. हे बाजूचं मत. आता विरोधी पक्ष. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चमूने बारा आठवडे वजनं उचलायला लावली. ज्यांनी व्यायामानंतर दर वेळी १० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं काढली, त्यांचे स्नायू आणि ताकद इतरांपेक्षा कमी वाढले. २०१७ मध्ये स्नायूचे तुकडे काढून तपासले, तर गार पाणी आणि हलकं सायकलिंग यांत सुजेच्या बाबतीत फरक दिसला नाही. दुखापतीवर बर्फ लावा, हा सल्ला १९७८ च्या आपल्या पुस्तकातून घरोघरी पोहोचवणाऱ्या डॉक्टर गेब मर्किन यांनी २०१४ मध्ये स्वतःच सांगून टाकलं की बर्फाने बरं व्हायला उलट उशीर लागू शकतो. स्वतःचं गाजलेलं वाक्य मागे घेणारा माणूस विरळा. मला ते या एका गोष्टीसाठी आवडतात.

पण या सगळ्यात माझा लाडका प्रयोग २०१४ चा, मेलबर्नचा. तीस तरुणांना जीव खाऊन सायकल मारायला लावली आणि मग तीन गटांत वाटलं. एक गट दहा अंशांच्या पाण्यात, दुसरा ३५ अंशांच्या कोमट पाण्यात आणि तिसराही कोमटातच. पण तिसऱ्यांच्या पाण्यात त्यांच्यादेखत एक 'खास तेल' ओतलं. हे बर्फाइतकंच गुणकारी, असं सांगून. ते तेल म्हणजे तोंड धुवायचा साबण! दोन दिवसांनी ताकद मोजली, तर साबणवाले आणि गारठलेले बरोबरीत, आणि साध्या कोमटातले बिचारे मागे. साबणाने मांड्या सुधारल्या असं तर कोणी म्हणणार नाही. तिथपासून माझं मत ठरलं आहे की पिंपात पाय बसतात खरे, पण इलाज बराचसा डोक्यावर चालू असतो. तरीही मी बसतो. साबणाचं गुपित कळून चुकलंय, त्यामुळे माझ्यावर आता साबण चालणार नाही, बर्फच लागणार.

तीस सेकंद जास्त, तरी बरं

डोक्याचा इलाज म्हटला की मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन आलेच. १९९३ मध्ये त्यांनी लोकांना १४ अंशांच्या पाण्यात एक हात मिनिटभर ठेवायला लावला. दुसऱ्या हाताला तेच मिनिट, आणि वर तीस सेकंद, पण त्या तीस सेकंदांत पाणी हळूच एखाद्या अंशाने कोमटलेलं. यातलं कोणतं पुन्हा कराल? बहुतेकांनी लांबचं निवडलं! एकूण यातना जास्त, पण शेवट जरा बरा, म्हणून आठवण चांगली. मी हे वाचल्यापासून शेवटच्या मिनिटाला पिंपात नळाचे दोन तांबे ओतून घेतो.

बाकी युक्त्या कंपूतल्याच. कमरेच्या वर जाकीट आणि डोक्याला माकडटोपी. खाली अंटार्क्टिका, वर महाबळेश्वर. हातात आल्याचा चहा. पायांची बोटं सर्वांत आधी ठणकतात, म्हणून त्यांना पाणबुड्यांचे रबरी मोजे. ते नसतील तर जाड लोकरी मोजे, त्यांचाही उपयोग होतो. आधी साध्या पाण्यात बसायचं आणि मग बर्फ ओतायला लावायचा, हे उत्तम. फक्त ओतणाऱ्याशी त्या दिवशी भांडण झालेलं नसावं. बाहेर आल्यावर लगेच कढत पाणी घेऊ नका. काही मिनिटं अंग आतून आणखी गार होत राहतं, आणि त्यात एकदम कढत पाणी घेतलं तर भोवळ येऊ शकते. टॉवेल, कोरडे कपडे, पुन्हा चहा.

नामवंत बुडालेले

या वेडाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफने. २००२ मध्ये म्युनिकला युरोपीय १०,००० मीटर जिंकल्यावर तिने बर्फाच्या टबाची तारीफ केली. पुढच्या वर्षी लंडनला तिने मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मारली आणि तो विक्रम २०१९ पर्यंत टिकला. एवढं झाल्यावर टब घेणार नाही तो धावपटू कसला.

तिच्याही आधीचा बुडीबहाद्दर मात्र घोडा होता. रेड रम. इंग्लंडमधल्या साउथपोर्टला जिंजर मॅकेन जुन्या मोटारी विकायचा आणि मागच्या तबेल्यात घोडे तयार करायचा. रेड रमच्या खुरातल्या हाडाला दुखणं होतं, चालताना लंगडायचा. मॅकेनने त्याला गार समुद्राच्या पाण्यात उतरवलं आणि लंगडणं ओसरलं. १९७३, १९७४ आणि १९७७ अशा तीन ग्रँड नॅशनल शर्यती त्याने जिंकल्या. घोड्यावर साबणाचा प्रयोग चालला नसता, हे मला बर्फाच्या बाजूने मान्य करावं लागतं.

आणि आपला अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा त्याचं गाव. महार रेजिमेंटमध्ये असताना त्याची नेमणूक सियाचीनला होती, म्हणजे आम्ही पंधरा मिनिटं विकत घेतो तो गारठा त्याने पगारी नोकरीत काढला. धावायला लागला तोही स्टीपलचेस, ज्यात ३००० मीटरमध्ये सात वेळा पाण्यावरून उडी. पाय भिजवायला त्याला शर्यत संपायची वाट पाहावी लागत नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य.

जिथे थट्टा थांबते

एका ठिकाणी मात्र बर्फाच्या पिंपाला तोड नाही. धावताना अंगाचं तापमान चाळिशीपलीकडे गेलं, माणूस बरळायला लागला, लडखडला, म्हणजे उष्माघात. तिथे दर मिनिटाची किंमत असते. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या फाल्मथच्या शर्यतीत आल्बर्टो सालाझार हा विशीतला पोरगा शेवटाला कोसळला, ताप ४२ अंशांवर. त्याला बर्फाच्या टबात ठेवलं, आणि पाद्र्याने मरणासन्नासाठीची प्रार्थनाही म्हणून टाकली. तो वाचला आणि १९८० मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकला. फाल्मथच्या त्या शर्यतीच्या १८ वर्षांच्या नोंदी पुढे प्रसिद्ध झाल्या. उष्माघाताचे २७४ रुग्ण, सगळ्यांना तिथल्या तिथे गार पाण्यात बुडवलं, आणि २७४ च्या २७४ वाचले. आधी गार करा, मग ॲम्ब्युलन्समध्ये घाला, हा तिथला शिरस्ता. आपल्याकडे अजून बरेच जण आधी गाडी शोधतात. आमच्या कंपूच्या लांब सरावाला आता मार्गावर एक निळं पिंप आणि दोन लाद्या असतात, आणि त्यात हौसेने बसायला कोणालाही परवानगी नाही.

उतरण्याआधी

एक छोटी, अडचणीची गोष्ट राहिली. गार पाण्यात बसलं की पाच-सात मिनिटांत लघवीला लागते. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त छाती-पोटाकडे सरकतं, त्यात बाहेरून पाण्याचा दाब. मूत्रपिंडांना वाटतं की घरात पाणी फार झालं, काढा बाहेर. तेव्हा आधी जाऊन यावं. पिंपातलं शंभर लिटर पाणी वाया जाऊ नये म्हणून आमच्याकडे ते नंतर बाल्कनीतल्या कुंड्यांना घालायची पद्धत होती. हा परिच्छेद बायकोने परवा वाचला. "आणि तुम्ही दर वेळी आधी जाऊन येत होतात ना?" एवढंच विचारलं. मी जरा विचार करायला वेळ घेतला. कढीपत्त्याला आता नळाचं पाणी मिळतं.